आजोबांचा मोळा

पत्र:

"नमस्कार मॅडम. मी माहेरची पुण्याची, सासर गडहिंग्लजकडचं. सासरे आयुष्यभर सुतारकाम करत होते, सासूबाई गेल्यावर गेली दोन वर्षं आमच्याकडे पुण्यात असतात. लेक चौथीत आहे, तिला आबांचा भारी लळा. शाळेत 'माझे आजोबा' असा निबंध होता, त्यात तिनं लिहिलं, 'आबांनी भिंतीत मोळा ठोकला आणि माझं चित्र टांगलं.' बाईंनी मोळा या शब्दाला लाल गोल केला, वर 'खिळा' लिहिलं, बाजूला 'चूक' लिहिलं आणि ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं, मुलं हसली. घरी येऊन ती आबांना म्हणाली, तुम्ही चुकीचं मराठी बोलता, माझे मार्क गेले. ते काहीच बोलले नाहीत. पण तेव्हापासून तिच्याशी बोलताना शब्द चाचपत बोलतात, कधीकधी बोलायचंच टाळतात. माझी बहीण म्हणते घरात शुद्ध मराठीच बोला, उगाच पोरीचं नुकसान होतंय. मोळा हा खरंच मराठी शब्द आहे का, कुठून आला? खिळा कुठून आला? आणि मी आता नेमकं काय करू? – एक आई, पुणे"

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं, आणि प्रत्येक वेळी त्या एका ओळीशी थांबले, की आबा शब्द चाचपत बोलतात. ज्या माणसानं चाळीस-पन्नास वर्षं हातात हातोडी धरली त्याला आपल्या हातातल्या वस्तूचं नाव घ्यायला आता विचार करावा लागतोय, हे मला फार लागलं. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते, मोळा हा मराठी शब्द आहे, चांगला जुना आहे, आणि आबांचं मराठी चुकीचं नाही. पण नुसतं एवढं सांगून तुमचं भागणार नाही, कारण चौथीतली पोर "असू दे गं" म्हटल्यानं गप्प बसत नाही, तिला "का" लागतं. तर आधी तो "का" बघू आणि मग करायचं काय ते.

कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात भिंतीत ठोकतात तो मोळा. कन्नडमध्ये खिळ्याला मोळे म्हणतात, तोच हा शब्द, फक्त आपल्याकडे येताना तो पुल्लिंगी झाला आणि शेवटी आ लागला, घोडा-हातोडा-खिळा यांच्या रांगेत बसला. आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. कन्नडमध्ये मोळे म्हणजे नुसता खिळा नाही, मोळे म्हणजे कोंभसुद्धा. बी पेरलं की मातीतून जे इवलंसं टोक वर येतं ते मोळे, आणि मोड आलेल्या धान्याला ते याच्याच सख्ख्या शब्दानं मोळके म्हणतात. तमिळमध्येही मुळै हा याचा भाऊबंद आहे आणि त्याचेही दोन अर्थ, कोंभ आणि खुंटी. बघा ना, ज्या कुणी पहिल्यांदा भिंतीतून बाहेर आलेली ती खुंटी बघितली त्याला ती जमिनीतून वर आलेल्या कोंभासारखी दिसली असावी. मला तर हे शेतकरी माणसाच्या डोळ्यांनी ठेवलेलं नाव वाटतं. तुमच्या लेकीला हे सांगा, वाटीत मटकी भिजवून ठेवा, मोड आले की दाखवा आणि म्हणा, आबांचा मोळा इथून आलाय. मला खात्री आहे ती हे शाळेत जाऊन सांगेल.

कन्नडमधून आला म्हणजे परका, मराठी नाही, असं कुणी म्हणेल. तुमची बहीण कदाचित म्हणेल. त्यांना एवढंच विचारा की घरात तूप म्हणता का? अण्णा, अक्का म्हणता का? सुपारी कातरायचा अडकित्ता? हे सगळे शब्द आपल्याकडे कन्नडच्या अंगणातूनच आलेत, शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात तशी यादीच असते. वरणभातावर तूप वाढताना कुणाला ते परकं वाटत नाही, मग भिंतीतला मोळाच का खुपतो? आणि हे येणंजाणं आजचं नाही हो. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड लेख आहे, तमिळ लेख आहे आणि त्यांच्याबरोबर मराठीही आहे, 'श्रीचावुण्डराजें करवियलें', चावुंडरायानं ही मूर्ती करवली असं सांगणारा. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत तो धरतात आणि तो आहे थेट कर्नाटकात. इतक्या जुन्या काळापासून या दोन भाषा एका ओट्यावर बसून बोलतायत. सीमेवरच्या गावात सुतार मराठी, लोहार कन्नड, गिऱ्हाईक दोन्ही, अशा ठिकाणी वस्तूचं नाव कोणत्या घरातून आलं हे कोण विचारत बसणार, काम झालं की झालं.

आणि मला वाटतं सगळ्यात पक्का पुरावा तुमच्या पुण्यातच आहे. खिळेमोळे. "दुकानातून जरा खिळेमोळे आणा", "पेटीत नुसते खिळेमोळे भरलेत", हे ऐकलं असेलच तुम्ही. त्यातला मोळे म्हणजे काय असं आपण कधी विचारत नाही, वाटतं की जेवणबिवण मधल्या बिवणसारखा असेल, यमक जुळवायला घातलेला. तसं नाहीये. तो आबांचाच मोळा आहे. मराठीला ही सवय आहे, एका घरचा शब्द आणि दुसऱ्या घरचा शब्द, दोघांचा अर्थ तोच, आणि दोघांना एका जोडात बांधायचं. कागदपत्र मधला कागद फारसीच्या वाटेनं आला आणि पत्र संस्कृत. धनदौलत मधलं धन संस्कृत, दौलत अरबी. बाजारहाट मधला बाजार फारसी, हाट इथला. तसंच खिळेमोळे. म्हणजे ज्या भाषेत बाईंनी मोळा खोडला त्याच भाषेनं तो कधीचाच खिळ्याच्या मांडीला मांडी लावून बसवलाय.

आता खिळा. तोही मोठा प्रवास करून आलाय.

संस्कृतमध्ये कील म्हणजे खुंटी, मेख, पाचर. सुरुवातीला तो लोखंडाचाच असेल असं काही नव्हतं, लाकडाचाही असायचा. पंचतंत्रात अगदी सुरुवातीलाच माकडाची गोष्ट येते ती आठवा. देवळाचं बांधकाम चाललंय, सुतार दुपारचे जेवायला गेलेत, अर्धा चिरलेला ओंडका तसाच पडलाय आणि चीर मिटू नये म्हणून मधे खैराच्या लाकडाची पाचर ठोकून ठेवलीय. माकड येतं, त्या फटीत बसतं, पाचर उपटतं आणि ओंडका मिटून मरतं. ती पाचर म्हणजे कील, आणि त्या माकडाला नावच पडलं कीलोत्पाटी, कील उपटणारा. लेकीला ही गोष्ट आबांकडूनच सांगू दे, कारण ओंडका चिरताना पाचर कशी बसवतात, ती निसटली तर काय होतं हे त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं असणार, मी-तुम्ही सांगितल्यापेक्षा ते सांगणं वेगळंच असेल.

पाली भाषेत येईपर्यंत क चा ख झाला होता, कील चा खील. धम्मपदात, ९५ व्या गाथेत, शांत झालेल्या माणसाला इंदखीलाची उपमा दिलीय. इंदखील म्हणजे नगराच्या वेशीत खोल रोवलेला भक्कम खांब, वारा आला, गर्दी आली तरी न हलणारा. रतनसुत्तातही तोच खांब आहे, चारी दिशांच्या वाऱ्यानं न हलणारा, आणि आपल्याकडे कितीतरी बौद्ध घरांतून हे सुत्त म्हटलं जातं. मग मराठीत येताना शेवटच्या ल चा ळ झाला, जसा फल चं फळ, जल चं जळ, तसा खील चा खीळ, आणि त्याचा खिळा. गुजरातीत खीलो-खीली आहे, कोकणीत खिळो. हिंदीनं मात्र कील तसंच ठेवलं. (आणि संस्कृतातला तो जुना कीलक अजून आपल्या पंचांगात बसलेला आहे, साठ संवत्सरांतलं बेचाळिसावं, २०२८ च्या पाडव्याला शके १९५० लागेल त्याचं नाव कीलक. लेक तेव्हा मोठी झालेली असेल, लक्षात ठेवा आणि पाडव्याला तिला दाखवा.)

खीळ आणि खिळा ही सख्खी भावंडं, पण त्यांनी कामं वाटून घेतलीत. खिळा भिंतीत राहिला आणि खीळ बोलण्यात शिरली. कामाला खीळ बसली म्हणतो, म्हणजे चालतं काम अडकलं. गोष्ट ऐकताना जागच्या जागी खिळून बसलो. आजारी माणूस अंथरुणाला खिळला. तोफेच्या कानात (बत्ती द्यायच्या भोकात) खिळा ठोकून ती निकामी करायचे, म्हणजे शत्रूच्या हाती लागली तरी डागता येऊ नये. आणि दातखीळ. लहानपणी मला वाटायचं घाबरल्यावर बसते ती दातखीळ, एवढंच. पण शब्द किती नेमका आहे, वरचे आणि खालचे दात मधे खीळ ठोकल्यासारखे मिटून जातात, जबडा उघडतच नाही, आणि धनुर्वाताचं हे अगदी सुरुवातीचं लक्षण. म्हणजे पायात खिळा घुसतो आणि तोंडाला खीळ बसते, भाषेत ते दोघं भावंडं आहेत आणि आजारातही कसे जोडलेत बघा. आबांची पेटी घरात आहे आणि पोर हाताळणार आहे म्हणून मधेच सांगते, गंज दिसत नाही म्हणून खिळा लागलेला सोडून देऊ नका, धनुर्वाताचे जंतू माती-धुळीत असतात, गंजात नाही. तिची इंजेक्शनं वेळेवर झालीत ना बघा, आबांचंही विचारा, म्हातारी माणसं कितीतरी वर्षांत ते घेतच नाहीत.

आता थोडं माझं सांगते, कारण या शब्दाशी माझं नातं आहे. आमचे अण्णा मिरजेत एका छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे खिळे जुळवणारा. छपाईची अक्षरं सुटी सुटी धातूची असायची, एकेक अक्षर म्हणजे एकेक बारीक उभा चौकोनी तुकडा, वरच्या टोकाला उलटं अक्षर, आणि त्याला मराठीत खिळाच म्हणतात. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचं मिश्रण, शिसं एकटं मऊ पडतं म्हणून. मी शाळेतून थेट तिकडे जायची. अण्णा उभे, समोर तिरक्या मांडलेल्या लाकडी केसा, म्हणजे अक्षरांचे उथळ खोके, केसेत खण, एका खणात क, एकात म, एकात नुसते काने. डाव्या हातात स्टिक, म्हणजे जुळवलेले खिळे ओळीत धरायची पट्टी, उजवा हात खणांवरून फिरायचा आणि नजर कागदावर, खणाकडे बघायचेच नाहीत. प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एक बारीक खाच असते, ती अंगठ्याला लागली की कळतं खिळा सुलटा बसला. अंगठ्याचं ते बोंड त्यांचं कायम काळं. एकदा त्यांनी माझ्या तळहातावर पाच-सहा खिळे ठेवले, गार आणि एवढ्याशा आकाराच्या मानानं चांगले जड, आणि म्हणाले वाच. मला काही वाचता येईना, सगळं उलटं. त्यांनी खिशातला आरसा धरला आणि त्यात माझं नाव दिसलं.

तेच अण्णा घरी आले की भिंतीवर कॅलेंडर लावायला म्हणायचे, "मोळा दे गं एक." दिवसभर हजारो खिळे हाताळणारा माणूस, पण भिंतीत ठोकायचा तो मोळाच. मला त्यात कधी गोंधळ वाटला नाही, मुलांना वाटतही नाही, जोवर मोठं माणूस येऊन सांगत नाही की यातलं एकच खरं. म्हणून तुमच्या पत्रात 'सुतार' आणि 'मोळा' वाचलं आणि मला अण्णांचा हात दिसला.

अजूनही काही आहेत या घराण्यात, सगळं सांगत बसत नाही. मेख फारसीतून आली, फारसीत मेख म्हणजे खिळाच, तंबूची खुंटी, आणि आपण आज म्हणतो "यात एक मेख आहे". बंगालीत खिळ्याला पेरेक म्हणतात तो पोर्तुगीज लोकांचा शब्द, त्यांच्या भाषेत प्रेगु. आपण पोर्तुगीजांकडून चावी घेतली, आणि किल्ली मात्र कन्नडच्या बाजूची, तिकडे कीलि म्हणजे कुलूप. त्या कीलिशेजारी आपल्या खिळ्याचं मूळ, तो संस्कृतातला कील, ठेवून बघा. जिथून जे चांगलं मिळालं ते मराठीनं घेतलं आणि आपल्या पेटीत ठेवलं, सुताराच्या पेटीसारखंच, त्यातला कुठला रंधा कुणाच्या दुकानातला हे कामाच्या वेळी कोण बघतं.

आणि एक. बाईंनी बाजूला लिहिलं 'चूक'. आबांना विचारा चूक म्हणजे काय. हार्डवेअरच्या दुकानात "पाव किलो चुका द्या" म्हटलं की दुकानदार बारीक खिळे तोलून देतो, अर्धा इंची, पाऊण इंची. फ्रेमच्या मागे, चपलेच्या तळाला, खुर्चीच्या रेक्झिनला मारतात त्या चुका. तुमच्या लेकीच्या वहीत एकाच ओळीत मोळा, खिळा आणि चूक असे तिन्ही येऊन बसलेत. तिला हे दाखवा. ज्या पानाची तिला लाज वाटतेय ते पान तिला जपून ठेवावंसं वाटेल.

आता करायचं काय.

बाईंचं आधी. त्यांच्यावर रागावून शाळेत जाऊ नका, कारण एका बाबतीत त्या बरोबर आहेत. लिहायच्या प्रमाण मराठीत खिळा हा शब्द सगळीकडे चालतो, नागपूरच्या आणि रत्नागिरीच्या वाचकाला तो कळतो, मोळा कदाचित कळणार नाही, आणि परीक्षेत पोरीला खिळा लिहिता यायलाच हवा. पण "प्रमाण भाषेत असं लिहितात" आणि "चूक" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्गात वाचून दाखवून हसू देणं ही तिसरी, ती मला अजिबात पटली नाही. तर शाळा सुटल्यावर दोन मिनिटं भेटा, पत्रातलंच सांगा, आवाज न चढवता, की तिचे आजोबा सुतार आहेत, गडहिंग्लजकडे या वस्तूला हाच शब्द आहे, आणि त्या दिवसापासून ते नातीशी मोकळं बोलत नाहीयेत. बहुतेक शिक्षकांना हे कळलं की वाईट वाटतं, त्यांच्यासमोर चाळीस-पन्नास वह्या असतात, एका गोलामागे घरात काय झालं हे त्यांना कुठून कळणार. मार्कांचं बोलूच नका, अर्ध्या मार्कावर बोलणं गेलं की मूळ गोष्ट राहते. जमलं तर एवढंच सुचवा, की मुलांना एकदा विचारा तुमच्या घरी खिळ्याला, पिशवीला, विळीला काय म्हणतात. पुण्यातल्या एका वर्गात आज किती जिल्ह्यांची मुलं असतात, एक तास कसा जाईल कळणारही नाही.

बहिणीला काय सांगायचं? त्यांना शुद्ध हा शब्द फार आवडतो असं दिसतं. मी आयुष्य प्रुफं तपासण्यात घालवलंय म्हणून सांगू शकते, शुद्धलेखनाचे नियम ऱ्हस्व-दीर्घाचे आहेत, अनुस्वाराचे आहेत, १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यात आणखी चार घातले, त्यात एकही नियम असा नाही की गडहिंग्लजचा शब्द घरात बोलू नका. मोळा हा शब्द मोळा असाच लिहिला, ओ आणि ळ नीट काढला, की तो शुद्ध. तुमच्या लेकीनं तो अगदी शुद्ध लिहिलाय. आणि नुकसान म्हणाल तर एका वस्तूला दोन नावं येणाऱ्या मुलाचं काय नुकसान होणार, ज्याला एकच येतं त्याच्यापेक्षा त्याच्याकडे एक जास्तच आहे ना. मुलं कुठे काय बोलायचं हे फार लवकर शिकतात, शाळेत खिळा, आबांजवळ मोळा, त्यांना ते जड जात नाही.

लेकीला ओरडू नका. ती आबांना तसं बोलली ते दुखवायला नाही, तिला वर्गात लाज वाटली आणि ती तिनं ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास आहे त्याच्यापुढे नेऊन टाकली. तिला माफी मागायला लावू नका, विशेषतः सगळ्यांसमोर तर नकोच, त्यानं आबा आणखी अवघडतील. तिला आधी हे सगळं सांगा, कोंभाचं, खिळेमोळ्यांचं, चुकेचं, आणि मग तिलाच आबांकडे जाऊ दे. ती जाऊन म्हणेल, आबा तुमचा मोळा म्हणजे कोंभ, माहितीये का तुम्हाला? आणि मला वाटतं आबांना हे माहीत नसेलही, नात त्यांना सांगतेय आणि ते ऐकतायत, एवढं झालं तरी पुष्कळ.

आबांना मात्र नुसतं समजावून काही होणार नाही. "तुम्ही मनावर घेऊ नका" हे वाक्य तर चुकूनही म्हणू नका, ते ऐकलं की माणसाला कळतं की आपण मनावर घेतलंय हे सगळ्या घराला दिसलंय. त्यांना काम द्या. गावाहून येताना हत्यारांची पेटी आणली असेल तर ती बाहेर काढायला लावा, नसेल आणली तर पुढच्या खेपेला नवऱ्याला आणायला सांगा. रविवारी सकाळी आबा, नात आणि ती पेटी. बरण्या घ्या, जुन्या लोणच्या-कॉफीच्या, त्यात सगळं निवडून भरायचं, मोळे वेगळे, चुका वेगळ्या, इस्क्रू, वायसर, कड्या, कोयंडे, आणि प्रत्येक बरणीवर आबा सांगतील ते नाव लेकीनं कागदावर लिहून चिकटवायचं. आबा जे म्हणतील तेच लिहायचं, तुम्ही मधे पडून दुरुस्त करायचं नाही, हे कबूल करा माझ्याजवळ. तुम्हाला न कळणारे पाच-दहा शब्द तरी निघतील, ते तुम्हीही एका वहीत टिपून ठेवा, कारण हे शब्द त्या पिढीबरोबर चाललेत, रेडिमेड फर्निचर घेणाऱ्या घरात ते कुणी बोलत नाही. तुमच्या नवऱ्यालाही बसवा तिथे, पत्रात त्यांचा उल्लेखच नाही म्हणून म्हणते, वडील गप्प झालेत हे त्यांना कदाचित तुमच्याइतकं दिसलं नसेल, आणि मोळा हा शब्द तर ते स्वतः लहानपणी बोललेले असणार. त्यांनी मुलीसमोर सहज "बाबा, एक मोळा द्या" म्हटलं तरी निम्मं काम होईल.

फ्लॅटच्या काँक्रीटच्या भिंतीत लगेच ठोकायला देऊ नका, तिथे साधा मोळा वाकतो आणि उसळतोही, डोळ्याला लागेल. आधी पाटाएवढी एक मऊ फळी द्या. पोरीची बोटं सांभाळायला मोळा कंगव्याच्या दातांत धरून ठोकायचा, आबांना ही युक्ती माहीत असेलच.

आणि ठोकायच्या आधी लेकीला आबांना एक प्रश्न विचारायला सांगा, की फळीच्या कडेला ठोकायचा असेल तर सुतार मोळ्याचं टोक आधी हातोडीनं थोडं ठेचून बोथट का करतात, टोकदार असलं तर उलट चांगलंच जाईल ना आत? त्याचं उत्तर मी इथे लिहीत नाही. दोन फळ्या ठेवा, एकीत टोकदार, एकीत ठेचलेला, कुठली चिरते ते आबा दाखवतील, आणि तेव्हा त्यांना त्या खैराच्या पाचरेची आठवण करून द्या.

पुढे काय झालं ते कळवा, वाट बघते.